आंबेमोहराचा वास येतो कुठून?

(शिवार, दुरून)

हे पिवळं पडत आलेलं शिवार मुळशीतलं, दिवाळीच्या आसपासचं, आणि खाचरात उभा आहे तो आंबेमोहर. कॅमेऱ्यात वास येत नाही ही आमची मोठीच अडचण, पण बांधावर उभं राहिलात तर कुणाला विचारायची गरज पडत नाही काय लावलंय ते, कारण ह्या भाताचा वास फक्त दाण्यात नसतो, पानातसुद्धा असतो.

(काचेची बशी, जवळून)

म्हणून तर ही टेस्ट करता येते. पानाचे बारीक तुकडे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण, वर झाकण, थोडा वेळ थांबायचं, झाकण उघडायचं आणि थेट नाक लावायचं. सुवासिक जाती निवडताना वर्षानुवर्षं हेच केलं जातं, मशीन काय तर माणसाचं नाक!

ह्या वासातला मुख्य गडी म्हणजे टू-असिटाइल-वन-पायरोलिन, शॉर्टमध्ये टू-एपी. १९८२ साली अमेरिकेत रॉन बटरी ह्या रसायनशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या टीमनं तो शिजलेल्या भातात ओळखला. पाण्याच्या एक हजार कोटी भागांत ह्याचा एखादा भाग असला तरी नाकाला पत्ता लागतो. गंमत म्हणजे हा वास एका बिघाडातून येतो. साध्या भातात बीएडीएच-२ नावाचं एक जनुक धडधाकट असतं आणि टू-एपी ज्या कच्च्या मालातून बनतो तो माल ते दुसरीकडेच वळवतं. बासमतीसारख्या जातीत त्या जनुकातली डीएनएची आठ अक्षरं गळालेली आहेत, त्यामुळे माल वळवणारं कुणी उरत नाही, तो साठतो आणि त्याचा टू-एपी होतो. अर्थात नुसत्या टू-एपीनं आंब्याचा मोहर आठवत नाही, भाताच्या वाफेत दोनशेच्या वर उडणारी संयुगं सापडली आहेत, त्यांचं प्रमाण जातीजातीत बदलतं.

(ताट, मऊ भात, तूप, मेतकूट)

आता हे बघा. नाक दाबून पहिला घास. चेहरा बघा, काहीच नाही, मऊ-मऊ पिठूळ काहीतरी. आता नाक सोडलं. भाताला स्वतःची चव फार थोडी, आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी घास चावताना घशाच्या मागून नाकात चढणारी वाफ असते. मऊपणा, चिकटपणा हे स्टार्चचं काम, ते वेगळं खातं, पण खाताना दोन्ही एकदमच कळतात, म्हणून वास गेला की तोच भात फिका लागतो. आमच्या मते तरी वास म्हणजे भाताची हौसमौज नाही, निम्मा भात तोच आहे. आणि बाजार भाव कशाला देतो, तर दाण्याच्या लांबीला आणि पांढऱ्याशुभ्र पॉलिशला!

(गिरणी, कोंडा उडतोय)

ही गावातली गिरणी. भात सडून तांदूळ काढला की उलटी मोजणी सुरू. टू-एपी मुळातच उडून जाणारा, साठवणीत तो कमी कमी होत जातो, आणि दाण्याला चिकटलेल्या कोंड्यातलं तेल हवेनं खराब होऊन हेक्झॅनल तयार होतं, जुनाट खवट वास येतो तो बराचसा त्याचाच. तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो, बिर्याणीवाल्यांना तेच हवं असतं, पण ह्या मऊ भाताला ते काय उपयोगाचं. म्हणून भात तुसासकट कणगीत ठेवायचा आणि लागेल तसा सडून आणायचा.

आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, उतारा कमी देतो. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी आली, आंबेमोहराचीच लेक, उतारा चांगला, वासही बरा, आणि बरीच खाचरं तिच्याकडे गेली.

(चूल, पातेलं)

नवा तांदूळ आहे, पाणी बेतानंच. आधी थोडा वेळ भिजवलाय, म्हणजे शिजायला कमी वेळ लागतो आणि वासही कमी उडतो. झाकण सारखं उघडायचं नाही, आत्ता उघडलं ते फक्त तुम्हाला दाखवायला.