माझा वाटा

[दृश्य: हिंगणा एमआयडीसी, सकाळची शिफ्ट. प्रेस ब्रेकवर पत्रा वाकतोय.]

नागपूर मेट्रोची ॲक्वा लाइन लोकमान्य नगरला संपते, तिथून एमआयडीसीच्या शेड सुरू होतात. या शेडमध्ये विजेच्या पॅनलची कॅबिनेट्स बनतात. पत्रा कापायचा, भोकं पाडायची, वाकवायचा, वेल्डिंग करायचं, रंग द्यायचा. ऑपरेटरचा एक पाय पेडलवर आहे, नजर बॅकगेजवर, म्हणजे पत्रा कुठे वाकायचा ते ठरवणाऱ्या मागच्या अडणीवर. दोन मिलिमीटरचा पत्रा बघता बघता काटकोनात वळतो.

इथली चूक लपत नाही. भोक लहान पडलं तर बोल्ट बसत नाही, माल परत येतो. लपते ती एकच गोष्ट, चूक कुठून सुरू झाली ती.

[दृश्य: भिंतीवरचा फळा. सगळे उभे. टेबलावर एक प्लेट.]

मशीन सुरू करण्याआधी सगळे फळ्यासमोर जमतात, मालकही. आदल्या दिवशी बिघडलेला जॉब टेबलावर ठेवलेला असतो. आज ही माउंटिंग प्लेट आहे. भोकं हवी होती चौदा मिलिमीटरची, पडली बाराची.

अशा चौकशा सहसा एका ओळीत संपतात: ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं.’ या फळ्यावर मात्र ‘का?’ पाच वेळा लिहिलेलं आहे. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यांत रुजलेली ही पद्धत.

भोकं बाराची का पडली? ड्रॉइंगवर बाराच होतं. मग जुनं ड्रॉइंग का वापरलं? नवं शेडमध्ये आलंच नाही. का नाही आलं? बदल फोनवर कळवला होता. फोनवर का? ग्राहकाची मेल साहेबांच्या मोबाइलवर आली, तेव्हा साहेब वर्धा रोडवर गाडीत होते. बरं, परत आल्यावर प्रिंट का काढली नाही?

इथे सुपरवायझर काकांचा खडू थांबतो. मालक तो हातात घेतात आणि स्वतः लिहितात: ‘मी सांगितलं म्हणजे काम झालं, असं मी धरून चाललो.’

पहिल्या ‘का’पाशी ऑपरेटर उभा होता, पाचव्यापाशी मालक. पहिल्यावरच थांबलो असतो तर एका पोराचा पगार कापला गेला असता आणि पुढच्या महिन्यात तशीच प्लेट पुन्हा बाराची निघाली असती.

[दृश्य: रजिस्टर, जवळून.]

फळा संध्याकाळी पुसला जातो, म्हणून हे रजिस्टर. रकाने चार: काय झालं, माझा वाटा, मी काय बदलणार, कधीपर्यंत. ‘माझा वाटा’ आधी मालकांनी भरायचा, मग सुपरवायझरनी, शेवटी ऑपरेटरनं. आमच्या मते सगळं या क्रमात आहे. ऑपरेटरला आधी विचारलं तर तो नोकरी वाचवणारंच उत्तर देणार, आणि त्याचं काही चुकत नाही.

मालकांच्या अक्षरातल्या या दोन नोंदी वाचा. ‘डिलिव्हरीची तारीख काकांना न विचारता दिली. ओव्हरटाइम माझ्यामुळे लागला.’ ‘पेंट बूथचा पंखा बंद असल्याचं दोनदा सांगितलं होतं. मी मनावर घेतलं नाही.’ यात ‘परिस्थिती तशी होती’ असं कुठेही नाही.

[दृश्य: काका, बाजूला मालक बसलेले.]

काकांना आम्ही विचारलं, आधी कसं होतं? मालक शेजारीच होते, तरी काका म्हणाले, “साहेब चिडले का पोट्टे खरं सांगतच नाई. मंग मशीन बिघडली हे साहेबाले सगळ्यात शेवटी मालूम पडे.”

आपण रागीट आहोत हे मालकांना माहीत होतं. त्या रागापायी शेडमधली खरी माहिती आपल्यापर्यंत पोचत नाही, हे त्यांना काकांकडून कळलं. हुद्दा वाढतो तसं असं तोंडावर सांगणारं माणूस कमी होत जातं. म्हणून साहेबांनाच ते मुद्दाम विचारावं लागतं, आणि उत्तर आल्यावर वाद न घालता ऐकून घ्यावं लागतं.

[दृश्य: एम्प्रेस मिलची जुनी छायाचित्रं. मग आजचा एम्प्रेस मॉल.]

नागपुरात हे आधीही घडलेलं आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. सुरुवातीला यंत्रं घेताना काटकसर केली होती आणि मालाचा दर्जा घसरला. खापर कामगारांवर फोडणं सोपं होतं. टाटांनी यंत्रं बदलली. कामगार वारंवार गैरहजर राहायचे, तेव्हाही नुसता दंड न लावता आपण त्यांना काय देतो हे त्यांनी पाहिलं. 1886 मध्ये पेन्शन फंड आला, 1895 पासून अपघाताची भरपाई. सक्ती करणारे कायदे नंतरचे.

कायदाही पुढे साहेबाच्या केबिनपर्यंत पोचला. भोपाळच्या वायुकांडानंतर, कारखाना कायद्याच्या 1987 च्या दुरुस्तीनं, कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती, म्हणून संचालकालाच जबाबदार धरलं गेलं. पण कायदा बहुतेक वेळा अपघातानंतर दार ठोठावतो. रजिस्टर रोज सकाळी उघडतं.

[दृश्य: डिस्पॅच. टेम्पो भरतोय.]

परत येणारा माल कमी झाला, असं डिस्पॅचवाले सांगतात. पूर्वी अपमान होऊन गेलेला एक वेल्डर मात्र परत आला नाही.

[दृश्य: पुन्हा फळा.]

आजचा निर्णय: बदललेलं ड्रॉइंग छापूनच शेडमध्ये येणार, जुनं तिथंच फाडायचं. काका आणखी एक विषय काढतात. “साहेब, शनिवारची तारीख नाई जमत.” मालक सगळ्यांसमोर स्पीकरवर ग्राहकाला फोन लावतात. “तारीख मी शेडमध्ये न विचारता दिली होती. माल मंगळवारी मिळेल.” पलीकडून थोडी कुरकुर होते, मग होकार येतो. काका फळ्यावर शनिवार खोडून मंगळवार लिहितात, आणि प्रेस ब्रेक सुरू होतो.