५९८ क्रमांकाचा कप्पा

(पडद्यावर: पुस्तकांच्या कण्यांवरचे क्रमांक, एकेक करून पुढे सरकताना)

ड्युई दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याची पद्धत, पाळणाऱ्या कुठल्याही सार्वजनिक ग्रंथालयात जा, पक्ष्यांवरची पुस्तकं ५९८ या क्रमांकाखाली सापडतात. अलीकडे ५९७, तिथं मासे, बेडूक, साप. पलीकडे ५९९, सस्तन प्राणी. मधली जागा पक्ष्यांची.

सगळे पक्षी मात्र या कप्प्यात नाहीत. कोंबड्या-बदकं पाळायची पुस्तकं ६३६ मध्ये, शेतीच्या बाजूला. पक्षिशास्त्रज्ञांची आयुष्यं चरित्रांच्या कपाटात. मोठ्या आकाराची सचित्र पुस्तकं उभी मावत नाहीत, म्हणून बहुधा तळाच्या फळीवर आडवी टाकलेली. तिथं वाकून बघावं लागतं, धूळ गृहीत धरून.

आता यातलं चांगलं कुठलं? मुखपृष्ठावरचा खंड्या देखणा आहे म्हणून पुस्तक उचलू नका. प्रकाशकांना खंड्या जरा जास्तच आवडतो.

(पडद्यावर: टेबलावर शेजारी शेजारी उघडलेली तीन पुस्तकं)

आपल्या चांगल्या ओळखीचा एक पक्षी निवडा आणि प्रत्येक पुस्तकात त्याचंच पान काढा. उदाहरणार्थ, जांभळा शिंजीर. विणीच्या हंगामात नर चकचकीत, काळपट जांभळा. मादी वरून मातकट, खालून फिकट पिवळी. हंगाम सरला की नरही मादीच्या वळणावर जातो, पण गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. तो पट्टा पुस्तकात आहे का, ते बघा. पहिल्या पुस्तकात फक्त नटलेला नर. दुसऱ्यात नर आणि मादी. तिसऱ्यात पट्टेवाला नरही आहे. घरी न्यायचं ते तिसरं, मग त्याचा कागद कितीही साधा असो. ही तुलना दुकानात मोकळेपणानं करता येत नाही. ग्रंथालयात तासभर करत बसा, कुणी हटकत नाही.

छायाचित्रं की चित्रं, हा वाद जुना आहे. माझं मत चित्रांच्या बाजूनं. छायाचित्रात एक विशिष्ट पक्षी असतो, एका क्षणी, एका उजेडात. चित्रकार मात्र अनेक पक्षी पाहून त्या जातीचा नमुना रेखाटतो, आणि सारख्या दिसणाऱ्या जाती एकाच पानावर, एकाच पवित्र्यात बसवतो. अमेरिकन पक्षिचित्रकार रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ साली आपल्या पक्षी ओळखण्याच्या मार्गदर्शिकेत नेमक्या खुणेकडे बोट दाखवणाऱ्या छोट्या रेघा दिल्या. पक्षी हातात न धरता, लांबून ओळखायचा असेल तर नजर कुठं न्यायची, ते त्या रेघा सांगतात.

(पडद्यावर: पिवळी पडलेली पानं, त्यावर ससाण्याचं चित्र)

जुनं पुस्तक दिसलं की टाळू नका, पण त्याचं प्रकाशन वर्ष बघा. जुन्या पुस्तकांत ससाणे घारी-गरुडांच्या शेजारी बसलेले दिसतील. डीएनएच्या अभ्यासातून ते पोपटांचे जवळचे नातेवाईक निघाले, आणि नव्या पुस्तकांत त्यांची पानं पोपटांशेजारी गेली. मोठ्या बगळ्याचं शास्त्रीय नाव कुठं एग्रेटा अल्बा, कुठं आर्डिया अल्बा. पक्षी तोच. सवयी, घरटी, अंडी यांची वर्णनं मात्र इतक्या लवकर शिळी होत नाहीत.

काही जुन्या प्रतींत समासात पेन्सिलीच्या नोंदी असतात: तारीख, ठिकाण, ‘जोडी दिसली’. ग्रंथपालांना हे अजिबात खपत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. तरी मी त्या नोंदी आधी वाचतो.

ओळख पटली की पुढची भूक लागते. हा पक्षी खातो काय, ओरडतो कसा, घरटं कोण बांधतं? तेव्हा संदर्भ विभागाकडे वळायचं. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांचा भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचा ग्रंथ १० खंडांचा आहे. पहिली आवृत्ती १९६८ ते १९७४ या काळात आली. असे संच सहसा घरी देत नाहीत. वही घेऊन जा, हवा तो खंड मागा आणि तिथंच बसून उतरवून घ्या. पेन्सिल न्या, जुन्या चित्रांजवळ शाईचं पेन दिसलं तर टेबलावरून उठवतात.