रबरबँडच्या खाली

(दृश्य : पंपरूम, मीटरच्या काचेवर धूळ)

अंधेरीतली ऑफिसांची इमारत. पालिकेचा मीटर हा एवढाच. पाणी वर गेलं एवढं त्याला कळतं. कुठल्या मजल्यावर, कुठल्या नळातून गेलं ते नाही. बिल चौरस फुटांवर वाटलं जातं, म्हणून कुणी विचारतही नाही.

कुठे किती पाणी जातं ते मोजायला जे लागतं, ते या पिशवीत मावलंय. एक लिटरचं मापटं, पेन्सिल, खाण्याचा रंग. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये आहेच.

(दृश्य : चौथा मजला, बेसिन)

नळ पूर्ण सोडला. मापटं ५ सेकंदांत भरलं, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. आता नळाच्या तोंडाशी एरेटर, ही बोटाच्या पेरापेक्षा लहान जाळी. तेच मापटं, २० सेकंद. मिनिटाला ३ लिटर. आवाजही बदललाय, ऐका.

(दृश्य : फ्लशची टाकी, झाकण काढलेलं)

टाकीत पाणी सोडणारा अँगल कॉक बंद. आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलची खूण. फ्लश दाबला. आता खुणेपर्यंत मापट्याने ओतायचं, मोजत. चार... सात... नऊ... आणि वर अर्धं. साडेनऊ लिटर. राष्ट्रीय इमारत संहिता ऑफिसात दर माणशी दिवसाला ४५ लिटर धरते, त्यातले फ्लशला २०. इथे दोनदा दाबलं की कोटा संपत आला. भिंतीतल्या फ्लश व्हॉल्व्हला टाकीच नसते. तिथे डाउनटेकवर, म्हणजे गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवर, मीटर बसवावा लागतो. ते काम डक्टमधलं, पाइपांच्या अरुंद पोकळीतलं, कॅमेरा आत शिरला नाही.

(दृश्य : पांढरं भांडं, जवळून)

टाकीत लाल रंगाचे दहा थेंब. १५ मिनिटं कुणी फ्लश दाबायचा नाही.

(निवेदन थांबते)

फ्लश न दाबताच भांड्यात लाल उतरलं. टाकीतला वॉशर झिजलाय.

मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो.

(दृश्य : गच्ची)

शुक्रवारी रात्री पंप बंद केला, टाकीत काठी उभी केली, पाण्याच्या रेषेला रबरबँड गुंडाळला. शनिवार-रविवार ऑफिसं बंद. वॉचमनचा नळ वेगळ्या लाइनवर.

सोमवार, सकाळचे ७. झाकण सरकतंय. रबरबँड कोरडा. पाणी त्याच्या वीतभर खाली.