विहिरीत सोडलेला थर्मामीटर

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं शेत, एप्रिलची दुपार. दगडी विहिरीच्या काठावर दोन पोरं थर्मामीटरला सुतळी बांधताहेत.)

निवेदन:
विहीर 40 फूट खोल. पोहणाऱ्या पोरांना कधीचंच ठाऊक आहे की वरचं पाणी कोमट असतं आणि पाय गारठतात. आज ते आकड्यात पकडायचंय. शाळेतला थर्मामीटर, वजनाला एक नट.

थर्मामीटर खाली जातो, थांबतो, वर येतो. लाल रेघ बघता बघता चढते.

"सर, हे तं वर येऊस्तोवर बदलून रायलं!"

समुद्र मोजणाऱ्यांची अडचण हीच होती. 1874 मध्ये लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा कंपनीनं उलटणारा थर्मामीटर काढला. हव्या त्या खोलीवर तो उलटा व्हायचा, पाऱ्याची रेघ तुटायची आणि आकडा तिथंच अडकायचा. पुढं जवळपास शंभर वर्षं ही करामत पुरली.

आता समुद्रतळाला नांगरलेल्या तारेवर ओळीनं थर्मिस्टर बसवतात. तापमान बदललं की त्यांचा विद्युतरोध बदलतो. गंमत म्हणजे पाण्याखालची लाटही हेच पकडतात.

(दृश्य: बाटलीत निम्मं पाणी, वर जवसाचं तेल. हात बाटली कलती करतो.)

मधली रेघ बघा, कशी सावकाश हेलकावतेय. समुद्रात वर हलकं उबदार पाणी, खाली जड गार पाणी, आणि त्यांच्या सीमेवर अशाच लाटा. अंदमानच्या समुद्रात त्या 60 मीटरपेक्षाही उंच मोजल्यात. म्हणजे या विहिरीसारख्या पाच एकावर एक. वर दिसतो तो फक्त खळबळत सरकणारा पाण्याचा पट्टा. लाट जाताना त्याच खोलीवरच्या थर्मिस्टरला कधी गरम, कधी गार पाणी लागतं. सगळ्यांच्या नोंदी शेजारी मांडल्या की लाटेचा आकार उभा राहतो.

भर समुद्रात मात्र आर्गो तरंगक. ही नळी 1000 मीटरवर वाहत राहते, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरते, पोटातलं तेल बाहेरच्या फुग्यात ढकलून वर येते. येता येता तापमान आणि क्षारता टिपते, उपग्रहाला कळवते. जगभरात अशा सुमारे 4000 आहेत. भारताच्या तरंगकांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राच्या माहितीच्या राष्ट्रीय केंद्रात जमा होते.

धुऱ्यावरचे काका विचारतात, "समुद्र कुठी अन् आपली पऱ्हाटी कुठी?"

रास्त आहे. पण समुद्राची ऊब किती खोलवर आहे, यावर वाऱ्यानं घुसळल्यावर तो किती गार पडेल हे ठरतं, आणि मान्सूनच्या हंगामी भाकिताचं गणित मांडताना हे आकडे लागतात. काकांच्या वावरात पाऊस कोणत्या दिवशी पडेल ते मात्र त्यातून निघत नाही. निघतं म्हणणाऱ्याच्या भरवशावर पेरू नका.

(दृश्य: पुन्हा विहीर.)

पोरांनी तोवर तोड काढलीय. बाटलीला नट बांधलेत, बुचाला दुसरी सुतळी. बाटली तळाशी टेकते, बुचाची सुतळी हिसकली जाते. पाण्यावर बुडबुडे येतात.

"भरली बे, ओढ!"