ठोका चुकतोय, शोधत राहा

नौपाडा, ठाणे. आजोबांच्या छातीवर एकेक चकती चिकटवली जातेय. केस काढून, त्वचा पुसून. नाहीतर रात्री कूस बदलली की वायर निसटते. वायरी कमरेच्या छोट्या यंत्राला जोडल्या की होल्टर सुरू. आता बाजारात, जेवताना, झोपेत ठोका न् ठोका नोंदला जाणार. अंघोळ तेवढी उद्या.

हा आजोबांना स्ट्रोक आला त्या दिवशीचा ईसीजी. ठोके अगदी नियमित. पण या पट्टीवर जेमतेम दहा सेकंद दिसतात, आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याचा विकार, येतं, जातं. आता ही फिब्रिलेशन असलेल्या दुसऱ्या रुग्णाची पट्टी. दोन ठोक्यांमधलं अंतर बघा: कुठे दोन चौकटी, कुठे चार. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरताहेत. डाव्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. तिथे रक्त साकळतं, गुठळी होते, आणि सुटली की मेंदूत जाऊन अडकते. या विकारात स्ट्रोकचा धोका सुमारे पाचपट.

एक दिवसही पुरेलच असं नाही. कॅनडातल्या एम्ब्रेस अभ्यासात कारण न सापडलेल्या स्ट्रोकच्या रुग्णांना 30 दिवसांपर्यंत यंत्र लावलं, तेव्हा 16 टक्क्यांमध्ये हा दोष सापडला. 24 तासांच्या होल्टरवर फक्त 3 टक्क्यांमध्ये. हे आकडे 2014 सालचे आहेत. तरी आपल्याकडे एका ईसीजीवर ‘हृदय नॉर्मल’ म्हणून फाईल मिटते, याचं वाईट वाटतं.

"आजोबा, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." मोका नावाची, स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणारी 30 गुणांची चाचणी. गोल छान आला. आकडेही जागच्या जागी. मिनिटकाटा मात्र दोनऐवजी दहावर गेला. चालणं परत आलंय, बोलणं आलंय. भाजीचा हिशेब जुळत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. पण फिब्रिलेशन असलेल्यांच्या एमआरआयमध्ये कधी कधी न कळता येऊन गेलेल्या स्ट्रोकचे लहान डाग दिसतात, आणि स्ट्रोक नसतानाही स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळतं. म्हणून ही चाचणीही मागून घ्या.

दोष सापडला, तर बहुतेकांना गुठळी रोखणारी गोळी सुरू होते. ती पुढचा स्ट्रोक टाळायला असते, गेलेली स्मरणशक्ती परत आणत नाही.

तलावपाळी, सकाळचे फिरायला आलेले लोक. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा, पूर्ण एक मिनिट. ठोके वेडेवाकडे लागले, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. आणि गोळी चालू असेल, तर दात काढायचाय म्हणून परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.