'सप्तपदी'तलं मोटरसायकलवरचं गाणं

१९६१ सालचा बंगाली चित्रपट 'सप्तपदी' ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांनाही मोटरसायकलवरचे उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन ठाऊक असतात. 'एइ पथ जदि ना शेष हय', हा रस्ता संपलाच नाही तर, हे ते गाणं. शब्द गौरीप्रसन्न मजुमदारांचे, चाल हेमंत मुखर्जींची, म्हणजे 'मी डोलकर' गाणारे आपले हेमंतकुमार.

द्वंद्वगीत म्हटलं की अंतरे निम्मे-निम्मे वाटून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. हे गाणं तिथेच मोडतं. मूळ ध्वनिमुद्रण ऐका: ओळी जवळजवळ सगळ्या हेमंतदांच्या. सहगायिका संध्या मुखर्जींच्या वाट्याला गुणगुणणं आणि 'तुमिइ बोलो', तूच सांग, एवढं उत्तर. तो विचारतो, ती टाळते, म्हणून त्याला पुढची ओळ गावी लागते. तिने ओळी घेतल्या तर तो विचारणार कुणाला? ते दोन शब्द माइकजवळ, बोलल्यासारखे यावेत. तिथे हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, घेतलेली मला अजिबात सहन होत नाही.

गाताना उच्चारही सांभाळा. 'जदि'चा 'जोदि', 'पथ'चा 'पॉथ', 'केमन'चा 'कॅमोन', 'स्वप्न'चा 'शॉप्नो'. 'शेष'मधले दोन्ही श सारखेच. देवनागरीत लिहिलेलं जसंच्या तसं वाचलं की चाल बरोबर असूनही गाणं बंगाली वाटत नाही.

ताराशंकर बंद्योपाध्यायांच्या कथेवरच्या या चित्रपटात कृष्णेंदू (उत्तमकुमार) हिंदू, रीना ब्राउन (सुचित्रा सेन) अँग्लो-इंडियन ख्रिश्चन. तो तिच्यासाठी धर्म बदलतो, आणि त्याचे वडील तिच्याकडे येऊन मुलाला सोडण्याची विनवणी करतात. गाणं या सगळ्याच्या आधीचं आहे. पुढचं माहीत असलेले गायक आवाज जड करतात. तसं करू नका, इथे दोघंही निश्चिंत आहेत.

आता चित्रीकरण. त्या काळी अशा प्रसंगातले जवळचे शॉट बॅक प्रोजेक्शनने घेत. रस्ता आधी चालत्या गाडीतून टिपायचा, मग स्टुडिओत अर्धपारदर्शक पडद्यावर मागून दाखवायचा आणि पुढे मोटरसायकल स्टँडवर पक्की बसवायची. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांचे शटर एकाच क्षणी उघडायला हवेत, नाहीतर मागचा रस्ता लुकलुकतो. नटांवरचा प्रकाश पडद्यावर सांडला तर रस्ता फिका पडतो, म्हणून गाडी पडद्यापासून बरीच पुढे ठेवायची. रस्ता ज्या उंचीवरून टिपला, कॅमेरा त्याच उंचीवर हवा, नाहीतर गाडी तरंगते. दिग्दर्शक अजय कर मुळात छायालेखक, त्यामुळे ही गणितं त्यांच्या हाताखालचीच.

गाण्याइतकाच कान देऊन ऐकावा असा भाग म्हणजे कॉलेजमधल्या 'ऑथेल्लो'चा प्रवेश. उत्तमकुमारसाठी उत्पल दत्तांचा आवाज, सुचित्रा सेनसाठी जेनिफर केंडलचा. पुढे जुहूचं पृथ्वी थिएटर उभारणाऱ्या जेनिफर कपूर त्या याच. गाण्यावर ओठ हलवताना तालाचा आधार असतो. नाटकातल्या संवादात तो नसतो, तिथे दुसऱ्याने श्वास कुठे घेतला हेसुद्धा पाठ असावं लागतं. उत्तमकुमारची छाती कुठे भरते आणि वाक्य कुठे सुटतं, ते त्या प्रवेशात आवाज बंद करून एकदा पाहा.