दिलेलं पुरतं का?

(राष्ट्रीय गणित दिनानिमित्त यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, वेचणीचे दिवस आहेत, घरी कापूस मोजायचा खोळंबला असेल, तेव्हा लांबण लावत नाही. सरळ एक गणित घालतो. जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती?

हसलात ना? हा प्रश्न माझा नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात 1980 च्या सुमारास दुसरी-तिसरीच्या वयाच्या 97 मुलांना तो खरोखर विचारला गेला. त्यातल्या 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांतूनच कप्तानाचं वय काढून दाखवलं. 26 आणि 10, झाले 36. कप्तानाला शोभणारं वय आहे, त्यात खोट काढायला जागा नाही!

या मुलांना मी ढ म्हणणार नाही. त्यांनी आपल्याला, म्हणजे मास्तर लोकांना, बरोबर ओळखलेलं आहे. पुस्तकातल्या उदाहरणात लागतील तेवढेच आकडे असतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्यामुळे मूल उदाहरण वाचतच नाही. आकडे वेचतं, धडा बेरजेचा असेल तर बेरीज, गुणाकाराचा असेल तर गुणाकार. त्या मुलाने उदाहरण हातात घेतल्यावर पहिल्यांदा विचारायला हवं की दिलेलं पुरतं का? हा प्रश्न आम्ही शिकवत नाही. आज मी फक्त त्याच्यावरच बोलणार आहे.

आता वावरात चला. चौकोनी वावर आहे, चारही धुरे, म्हणजे बांध, 198 फुटांचे. क्षेत्रफळ किती? मागून कोणीतरी 36 गुंठे म्हणालं. हिशेब चोख आहे. 33 फुटांचा वर्ग म्हणजे 1089 चौरस फूट, तो एक गुंठा. 198 म्हणजे सहा वेळा 33, आणि सहा सक 36. पण मी चौकोनी म्हणालो, कोपरे काटकोनात आहेत असं कुठे म्हणालो? चार सारख्या काड्या टोकाला बांधून चौकट करा आणि कोपऱ्याला बोटाने ढकला. काड्यांची लांबी तीच राहते, चौकट मात्र तिरपी होत होत पार मिटून जाते. हेच वावर असं तिरपं असलं की समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतलं जवळचं अंतरही 198 फूट भरतं, तर त्याचे दोन समभुज त्रिकोण होतात आणि क्षेत्र येतं 31 गुंठ्यांच्या जरा वर. धुरे तेच, दगड तेच, आणि पावणेपाच गुंठ्यांहून जास्त जमीन गायब. कोणी चोरली नाही, ती तिथे नव्हतीच.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही रीत गावोगाव चालते. ती जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने 628 साली ती दिली, पण देतानाच तिला स्थूल म्हटलं. भास्कराचार्य तर चिडलेच. 1150 सालच्या लीलावतीत ते म्हणतात की कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ जो विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याच्याहून मोठा पिशाच्च. छत्तिशीतल्या गणितज्ञाने एवढं तापावं, यातच आलं की असे प्रश्न तेव्हाही विचारले जात होते आणि उत्तरंही दिली जात होती.

(श्रोत्यांमधून: "मंग गुरुजी, तिरकं वावर मोजाचं तरी कसं?")

आणखी तीन मापं घ्यायची, बस. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. हा कर्ण. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून या कर्णावर काटकोनात अंतर मोजा. दोन्ही अंतरांची बेरीज, गुणिले कर्ण, भागिले दोन. आपल्या वावरात कर्ण 198 आणि प्रत्येक लंब साधारण 171.5 फूट. दोन्ही लंब मिळून 343. त्याला 198 च्या निम्म्याने, 99 ने, गुणलं की 33,957 चौरस फूट, भागिले 1089, की आले तेच 31 गुंठ्यांच्या जरा वर. भूमापक साखळी घेऊन यायचे तेव्हा वावराच्या पोटातून आधाररेषा काढून तिच्यावर असेच लंब टाकायचे. आता रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं मोजणीचं यंत्र, आलं, पण नुसत्या धुऱ्यांच्या लांबीवरून त्यालाही क्षेत्र काढता येत नाही, त्यालाही कोपऱ्यांच्या जागा लागतात. सातबाऱ्यावर आर असतात, त्याने बिचकू नका. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. धुऱ्याची भांडणं मी यात सोडवत नाही बरं का! ती भूमितीच्या बाहेरची आहेत.

व्याजाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शाळेत मूल द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा, घोकतं. गावात पेरणीच्या तोंडावर "शेकडा तीन" एवढंच बोललं जातं आणि दर महिन्याला हे गिळलं जातं. 20,000 रुपये सात महिने वापरले तर वर्षाच्या दराने व्याज 350 रुपये, महिन्याच्या दराने 4200. सूत्र दोन्हीकडे एकच.

टक्केवारीत ही गळती फार होते. 100 किलो सोयाबीनमध्ये 18 टक्के ओलावा आहे, वाळवून तो 12 वर आणला, तर वजन किती भरेल? दहावीच्या मुलांना विचारा, 94 म्हणतील. पण टक्के कशाचे, हे पाहा. 18 टक्के ओल्या मालाचे, 12 टक्के वाळलेल्या मालाचे. न बदलणारी गोष्ट एकच, कोरडा दाणा, तो 82 किलो. वाळल्यावर हे 82 किलो एकूण वजनाच्या 88 टक्के असणार. 82 भागिले 0.88 म्हणजे 93.2 किलो. म्हणजे व्यापाऱ्याने सरळ 6 किलो कापले तर तोच पाऊण किलोच्या आसपास तोट्यात गेला. ऐकायला गोड लागलं ना? पण 15 टक्क्यांचा माल 18 टक्के म्हणून लिहिला गेला तर हे गणित तुमच्या कामाचं नाही, तिथे आधी ओलावामापकाकडे बघावं लागतं.

बीजगणितात याच्या उलटं होतं. दिलेलं कमी दिसतं, पण पुरतं. संत्रं 7 रुपयाला एक, पेरू 5 रुपयाला एक, एकूण 59 रुपये झाले, तर प्रत्येकी किती घेतले? हुशार मूल लगेच सांगेल की चलं दोन, समीकरण एक, सुटणार नाही. पण बाजारात अर्धं संत्रं कोणी विकत नाही. ही अट कागदावर लिहिलेली नाही, तरी ती आहे. 59 मधून सात-सात वजा करत चला आणि कुठे बाकीला 5 ने भाग जातो ते बघा. दोनच उत्तरं निघतात: 2 संत्री 9 पेरू, नाहीतर 7 संत्री 2 पेरू. आता "संत्री जास्त होती" एवढे तीन शब्द मिळाले की काम संपलं. आकडाही लागला नाही.

शिक्षकांना एक काम देतो. पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर लिहा आणि त्यातला एक आकडा पुसा. मुलांना सोडवायला सांगू नका, काय विचारावं लागेल ते विचारा. दुसऱ्या दिवशी एक फालतू आकडा घुसवा आणि तो कोण हुडकतं ते पाहा. सुरुवात विहिरीपासून करा. गोल विहीर, आतून घेर 44 फूट, पाणी किती? घेरावरून व्यास 14 फूट, तोंड 154 चौरस फूट, इथपर्यंत मुलं येतील. मग अडतील. कोणी विहिरीची खोली मागेल. ती देऊन टाका, 40 फूट, आणि गप्प बसा. खोली नको, पाण्याची उंची हवी, हे कोणीतरी म्हणेपर्यंत थांबायचं. पोरं सरळ पाणी मोजायला निघाली तर दोराला दगड बांधून न्या, दोर भिजतो तेवढे फूट पाणी. दर फुटाला 154 घनफूट, घनफुटाला 28.3 लिटर, म्हणजे फुटामागे साधारण 4360 लिटर. आणि कठडा नसलेल्या विहिरीवर दोर मास्तरांनीच सोडायचा, पोरांना हातभर नाही, चांगलं दहा फूट लांब उभं करायचं.